आयबीएम आयवरील सोर्स डीबगर: व्यावसायिक प्रोग्रामचा माग काढणाऱ्या साधनाचे परीक्षण

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी जाहीर केलेली एएस/४०० ही संगणक प्रणाली पुढे आयसिरीज, सिस्टिम आय आणि २००८ पासून आयबीएम आय अशा नावांनी ओळखली जाऊ लागली. तरीही पुण्या-मुंबईत तिच्यावर काम करणाऱ्या माणसाला विचारले, तर तो आजही ‘मी एएस फोर हंड्रेडवर आहे’ असेच सांगतो. विमा, घाऊक वितरण, उत्पादन, बँकिंग अशा क्षेत्रांतले हिशेब या प्रणालीवर आरपीजी, कोबोल या व्यावसायिक भाषांतल्या आणि सीएल या प्रणालीच्या कमांड-भाषेतल्या प्रोग्रामांमधून वर्षानुवर्षे चालत आले आहेत. आपल्याकडच्या प्रोग्रामरच्या वाट्याला त्यातले जे काम येते, ते बहुतांशी नवे लिहिण्याचे नसून दुसऱ्याने वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेले समजून घेण्याचे आणि दुरुस्त करण्याचे असते. लिहिणारा निवृत्त झालेला असतो, दस्तऐवज नसतो, आणि असलाच तर तो पाच बदलांपूर्वीचा असतो. अशा वेळी प्रोग्राम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जातो हे पाहण्यासाठी जे साधन हाताशी असते, ते म्हणजे या प्रणालीत मुळातच समाविष्ट असलेला सोर्स डीबगर: चालणारा प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखित मजकूर, आणि आतली मूल्ये दाखवणारे साधन. मी तो पंधरा वर्षे जवळजवळ रोज वापरत आलो आहे, आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

व्यावसायिक प्रणालीतला माग आणि एखाद्या लहान, स्वतंत्र प्रोग्राममधला माग यांत मोठा फरक आहे. बिलाची एक रक्कम चुकली, तर ती चूक क्वचितच एका प्रोग्राममध्ये सापडते. मेनूवरचा पर्याय एका सीएल प्रोग्रामला कॉल करतो, तो लायब्ररींची (फाइली आणि प्रोग्राम ठेवण्याच्या कप्प्यांची) यादी लावून आरपीजी प्रोग्रामला कॉल करतो, तो दर काढण्यासाठी तिसऱ्याला, कर काढण्यासाठी चौथ्याला, आणि तपासणीसाठी आणखी एखाद्या सर्व्हिस प्रोग्राममधल्या (अनेक प्रोग्रामांनी वापरायच्या तुकड्यांच्या संचातल्या) प्रोसिजरला. म्हणून इथला खरा प्रश्न ‘या ओळीत काय चुकले’ असा नसतो. ‘या फील्डमधले मूल्य कोणी, कुठे आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले’ असा असतो. डीबगरचे मोल मी याच प्रश्नावर ठरवतो.

डीबगर सुरू करण्याआधीच ही प्रणाली बरेच काही सांगते, आणि ते न वाचता थेट ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबण्याची खूण, लावायला धावणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक आहे. इथे चालणारे प्रत्येक काम ‘जॉब’ म्हणून चालते. प्रत्येक जॉबला स्वतःचे नाव, वापरकर्ता आणि क्रमांक असतो, आणि प्रत्येक जॉबचा लॉगही असतो. डब्ल्यूआरकेजॉब या कमांडच्या मेनूतला अकरावा पर्याय कॉल स्टॅक दाखवतो: या क्षणी कोणता प्रोग्राम कोणाच्या आत, कोणत्या ओळीवर उभा आहे, ते तिथे वरपासून खालपर्यंत ओळीने वाचता येते. अडकलेल्या जॉबचा निम्मा उलगडा या एकाच पडद्यावर होतो. जॉबची लॉग पातळी चार केली, दुय्यम मजकुरासह संदेश मागितले आणि सीएल प्रोग्रामांच्या कमांडी लॉगमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू केला, की बहुतेक सीएल कमांडी ज्या क्रमाने चालल्या त्या क्रमाने, त्या वेळच्या मूल्यांसह, लॉगमध्ये उमटतात. सीएलपुरता हा माग इतका भरघोस असतो की डीबगरची गरज क्वचितच पडते. लायब्ररी यादीचा क्रम चुकल्यामुळे जुन्या फाइलवर काम झाले, अशा प्रकारची प्रकरणे मी कित्येकदा केवळ लॉग वाचून मिटवली आहेत.

आता मूळ साधनाकडे. एसटीआरडीबीजी ही कमांड द्यायची, प्रोग्रामचे नाव सांगायचे, आणि पडद्यावर त्या प्रोग्रामचा सोर्स येतो. हव्या त्या ओळीवर कर्सर नेऊन एफ६ दाबले की ब्रेकपॉइंट लागतो; एफ१० एक पाऊल पुढे नेते, एफ२२ कॉल झालेल्या प्रोग्रामच्या आत नेते, एफ११ कर्सरखालच्या व्हेरिएबलचे मूल्य दाखवते, एफ१२ प्रोग्रामला पुन्हा मोकळे सोडते, आणि एफ१४ वर डीबगमध्ये असलेल्या मॉड्यूलांची (प्रोग्रामच्या भागांची) यादी मिळते. खालच्या ओळीवर ‘इव्हॅल’ लिहून डेटा स्ट्रक्चरचे (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गटाचे) नाव दिले तर तिची सर्व उपफील्डे मूल्यांसह समोर येतात, अ‍ॅरेचे नाव दिले तर सर्व घटक येतात, आणि नावापुढे अपूर्णविराम (:) व एक्स लिहिला तर तेच मूल्य हेक्स (सोळा-आधारी अंकांच्या) स्वरूपात दिसते. पॅक केलेल्या (एका बाइटमध्ये दोन अंक बसवलेल्या) दशांश संख्येत कचरा शिरला आहे की कोरी जागा, हे हेक्सशिवाय कळत नाही, आणि दशांश डेटाच्या चुकीचा संदेश येऊन जॉब उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो तेव्हा हीच सोय सर्वांत आधी कामी येते.

माऊस नाही, रंग मोजके, खिडक्या नाहीत. पहिल्या दिवशी हा पडदा ओबडधोबड वाटतो. पण तो प्रणालीचा भाग म्हणून मिळतो, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि दूरच्या ग्राहकाच्या यंत्रावर केवळ टर्मिनल जोडता आले तरी तो तिथे हजर असतो. परवानगीच्या अर्जांवर आठवडे जाणाऱ्या संस्थांमध्ये काम केलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या कमांडच्या एका पॅरामीटरची मात्र मी मनापासून प्रशंसा करतो. यूपीडीप्रॉड हे त्याचे नाव, आणि त्याचे मूळ मूल्य ‘नाही’ असे आहे. याचा अर्थ असा, की डीबग सुरू असताना ‘प्रॉडक्शन’ (प्रत्यक्ष व्यवहाराच्या) प्रकारच्या लायब्ररीतली कोणतीही डेटाबेस फाइल बदलासाठी उघडू दिली जात नाही; प्रोग्राम फाइल उघडतानाच चूक दाखवून थांबतो. थकलेला माणूस रात्री चुकीच्या लायब्ररी यादीवर डीबग सुरू करतो, तेव्हा खऱ्या ग्राहकांच्या खऱ्या ऑर्डरी वाचवणारे हे कुलूप आहे, आणि ते आधीपासून लावलेले असते ही त्यातली शहाणी गोष्ट आहे. याची एक बाजू लक्षात ठेवावी लागते: नवी लायब्ररी तयार करताना प्रकार सांगितला नाही तर ती ‘प्रॉडक्शन’ प्रकारचीच होते, त्यामुळे नाव ‘टेस्ट’ असलेल्या लायब्ररीतही हे कुलूप लागलेले आढळते आणि नवे लोक गोंधळतात. अशा वेळी बरेच जण पॅरामीटर ‘होय’ करून मोकळे होतात. योग्य उपाय लायब्ररीचा प्रकार बदलणे हा आहे. कुलूप काढून ठेवण्याची सवय एकदा लागली की ती प्रॉडक्शनवरही हाताला तशीच राहते. शिवाय हे संरक्षण डेटाबेस फाइलींपुरतेच आहे. पुढचा बिल क्रमांक एखाद्या डेटा एरियामध्ये, म्हणजे फाइलीबाहेरच्या छोट्या साठ्यात, ठेवलेला असेल, तर डीबगमधला प्रोग्राम तो क्रमांक खुशाल पुढे ढकलेल.

ज्या गोष्टीवर या साधनाचे सारे यश अवलंबून आहे, ती डीबगरमध्ये नाहीच. ती प्रोग्राम कंपाइल करतानाच्या, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवतानाच्या, एका पर्यायात आहे, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच उगम पावतात. डीबीजीव्ह्यू हा तो पर्याय. आरपीजी कंपाइल करणाऱ्या सीआरटीबीएनडीआरपीजी या कमांडमध्ये त्याचे मूळ मूल्य ‘स्टेटमेंट’ असे आहे, म्हणजे प्रोग्राममध्ये केवळ ओळींचे क्रमांक जपले जातात, मजकूर नाही. असा प्रोग्राम डीबगमध्ये घेतला की सोर्स उपलब्ध नाही एवढेच उत्तर मिळते, आणि मग छापील लिस्टिंग (कंपाइल करताना निघणारी ओळ क्रमांकांसह प्रत) शेजारी ठेवून क्रमांकावरून वाट शोधावी लागते. ‘सोर्स’ हे मूल्य दिले तर मजकूर दिसतो, पण तो प्रोग्रामच्या आत साठवलेला नसतो. डीबगर मूळ सोर्स मेंबरकडे, म्हणजे सोर्स जिथे ठेवलेला असतो त्या फाइलीच्या भागाकडे, पाहतो. तो मेंबर हलवला, किंवा कंपाइल झाल्यानंतर कोणी त्यात चार ओळी घातल्या, की पडद्यावरची ओळ आणि प्रत्यक्षात चालणारी ओळ यांची फारकत होते, आणि माणूस तासभर भलत्याच ओळीकडे पाहत बसतो. ‘लिस्ट’ हे मूल्य मात्र संपूर्ण लिस्टिंग प्रोग्रामच्या आतच ठेवते, त्यात कॉपी मेंबर (इतर ठिकाणाहून ओढून घेतलेले सोर्सचे तुकडे) आणि फाइलींची बाह्य वर्णनेही (प्रोग्रामबाहेर ठेवलेल्या फील्डांच्या व्याख्या) उलगडलेली असतात. प्रोग्रामचा आकार वाढतो हे खरे, पण सोर्स नसलेल्या प्रॉडक्शन यंत्रावरही जे चालते तेच दिसते. आकाराची काळजी करणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की गेल्या वर्षभरात साठवणुकीची जागा कमी पडून किती बिले चुकली आणि सोर्स न दिसल्यामुळे किती तास वाया गेले. सोर्स उघडा पडण्याची भीती असेल, तर हे लिस्टिंग सांकेतिक किल्लीने बंद करून ठेवण्याचीही सोय आहे.

याच संदर्भात कंट्रोल स्पेसिफिकेशनमधले (आरपीजी प्रोग्रामच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या ओळींमधले) दोन पर्याय सांगितलेच पाहिजेत, कारण ते ठाऊक नसल्यामुळे अनेक जण डीबगरला नावे ठेवतात. एसआरसीएसटीएमटी या पर्यायामुळे चूक दाखवणाऱ्या संदेशातला ओळ क्रमांक आणि सोर्समधला क्रमांक एकच राहतो. नोडीबगआयओ या पर्यायामुळे फाइल वाचण्याच्या एका क्रियेवर डीबगर एकदाच थांबतो. तो नसेल तर साठ फील्डांची फाइल वाचताना एफ१० प्रत्येक फील्डवर थांबत जाते, आणि एक रेकॉर्ड पार करायला साठ वेळा की दाबावी लागते. माझ्या परिचयाचे काही अनुभवी लोक ही शिक्षा वर्षानुवर्षे निमूटपणे सोसत होते. आणखी एक सापळा असा, की बाह्य वर्णनाच्या फाइलीतले जे फील्ड प्रोग्राममध्ये कुठेच वापरलेले नाही, ते कंपाइलर भरतच नाही; डीबगमध्ये त्याचे मूल्य पाहिले तर ते शिळे किंवा कोरे असू शकते. ‘फाइलीत तर पाच हजार आहेत, प्रोग्रामला शून्य का दिसते’ हा प्रश्न पडला, की आधी ते फील्ड प्रोग्रामने वापरले आहे का ते पाहावे. डीबग या कीवर्डला ‘इनपुट’ हे मूल्य दिले की सर्व फील्डे भरली जातात.

या साधनाची खरी ताकद मला ज्या प्रकरणात उमगली, ते थोडे विस्ताराने सांगतो. अमेरिकेतला एक सुट्या भागांचा घाऊक वितरक आमचा ग्राहक होता. त्याची रात्रीची बिलांची बॅच (माणसाच्या हस्तक्षेपाविना एकत्र चालणारे काम) तिथल्या मध्यरात्री चालू होत असे, म्हणजे आमच्याकडे पुण्यात ऋतूप्रमाणे सकाळी साडेदहा किंवा साडेअकराला. हजारो बिलांपैकी पाच-सहा बिलांत ग्राहकाला मिळायची सवलत मिळत नव्हती. तीच बिले दिवसा पडद्यावरून पुन्हा काढली, तर सवलत बरोबर लागत होती. दर काढणारा प्रोग्राम आम्ही तीन वेळा ओळीने वाचला. त्यात काही चूक नव्हती. सवलत वर्गाचे दोन अक्षरांचे फील्ड बिलाच्या डेटा स्ट्रक्चरमध्ये भरले जात होते, आणि दर काढण्याच्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत ते कधीकधी कोरे होत होते. सोर्समध्ये शोध घेतला, तर त्या फील्डला मूल्य देणारी ओळ एकच सापडत होती, आणि ती बरोबर होती.

अशा वेळी ब्रेकपॉइंट उपयोगी पडत नाही, कारण तो लावायचा कुठे हेच माहीत नसते. इथे ‘वॉच’ ही सोय कामी येते. व्हेरिएबलवर वॉच लावला की डीबगर ओळींकडे पाहत नाही, त्या व्हेरिएबलच्या स्मृतीतल्या जागेकडे पाहतो, आणि तिथले मूल्य बदलले की प्रोग्राम थांबतो. बदल कोणत्या नावाने झाला, कोणत्या प्रोग्रामने केला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अडचण एवढीच होती की वॉचला अट घालता येत नाही, आणि हे फील्ड प्रत्येक बिलागणिक रीतसर बदलत होते. सरळ वॉच लावला असता तर प्रत्येक बिलावर थांबावे लागले असते. म्हणून आदल्या रात्रीच्या डेटाची प्रत टेस्ट लायब्ररीत घेतली, आणि ज्या बिलावर चूक झाली होती त्या बिलाचा क्रमांक येताच थांबणारा, अट घातलेला ब्रेकपॉइंट आधी लावला. ‘ब्रेक’ या कमांडला ओळ क्रमांक देऊन पुढे ‘व्हेन’ आणि अट लिहिली की हे होते. त्या बिलावर थांबल्यावर सवलत वर्गाचे फील्ड रीतसर भरले जाईपर्यंत पुढे गेलो, त्यावर वॉच लावला, आणि एफ१२ दाबले.

प्रोग्राम थांबला तो दर काढणाऱ्या प्रोग्राममध्ये नव्हे, तर मालाचा कोड तपासणाऱ्या एका जुन्या प्रोग्राममध्ये. कोड नीट डावीकडे सरकवून तो परत पॅरामीटरमध्ये ठेवणारी एक साधी ओळ होती. इव्हॅलने हेक्समध्ये पाहिले, तर सवलत वर्गाच्या जागी चाळीस-चाळीस, म्हणजे या प्रणालीतल्या कोऱ्या जागा. कारण तिथेच उघड झाले. काही वर्षांपूर्वी मालाचा कोड पंधरा अक्षरांवरून अठरा अक्षरांचा झाला होता. तपासणी करणारा प्रोग्राम अठरा अक्षरांचा पॅरामीटर मानून चालत होता, पण बॅचमधला कॉल करणारा प्रोग्राम दुरुस्त करायचा राहिला होता आणि अजून पंधरा अक्षरेच देत होता. पॅरामीटर म्हणून या प्रणालीत सामान्यतः पत्ता जातो, मूल्य नाही; प्रोटोटाइप (पॅरामीटरांचे कंपाइलरला दिलेले वर्णन) नसेल तर लांबी जुळते की नाही हे कोणी तपासत नाही. तपासणी प्रोग्राम कोड परत लिहिताना अठरा अक्षरे लिहीत होता, शेवटची तीन कोरी, आणि डेटा स्ट्रक्चरमध्ये कोडला लागूनच सवलत वर्ग होता. कोड आधीच नीट असेल तर ती ओळ चालतच नव्हती, म्हणून चूक मोजक्याच बिलांत होत होती. पडद्यावरचा प्रोग्राम वेगळा होता आणि तो वेळेवर दुरुस्त झाला होता, म्हणून दिवसा सगळे बरोबर येत होते. तीन दिवस सोर्स वाचून जे सापडले नाही, ते वॉच लावल्यापासून चाळीस मिनिटांत सापडले. दुरुस्ती म्हणून लांबी तर बदललीच, पण कॉलला प्रोटोटाइपही दिला, म्हणजे पुढच्या वेळी कंपाइलरच अडवेल.

एक कबुली इथे दिली पाहिजे. तो तपासणी प्रोग्राम आम्ही त्याच सकाळी ‘लिस्ट’ पर्यायाने पुन्हा कंपाइल केला होता, म्हणून थांबलेली ओळ वाचता आली. प्रॉडक्शनवरची त्याची प्रत ओळ क्रमांकांपलीकडे काही सांगू शकली नसती.

बॅच जॉब डीबग करण्याची पद्धत लांबलचक आहे, पण एकदा अंगवळणी पडली की विसरत नाही. जॉब थोपवून ठेवून सबमिट करायचा, त्याचे पूर्ण नाव घेऊन एसटीआरएसआरव्हीजॉब या कमांडने आपल्या सेशनमधून तो ताब्यात घ्यायचा, मग एसटीआरडीबीजी द्यायचे आणि जॉब सोडायचा. तो सुरू होताच आपल्या पडद्यावर सूचना येते, एफ१० ने कमांड लाइनवर जाऊन डीबगर उघडता येतो आणि ब्रेकपॉइंट लावता येतात. संपल्यावर उलट क्रमाने ईएनडीडीबीजी आणि ईएनडीएसआरव्हीजॉब द्यायला विसरू नये. जॉब कधी आणि कोणत्या नावाने सुरू होईल हेच ठाऊक नसते तेव्हा, उदाहरणार्थ वेबवरून किंवा ओडीबीसीने (बाहेरच्या प्रोग्रामने डेटाबेसशी जोडण्याच्या पद्धतीने) येणाऱ्या कॉलमध्ये, सर्व्हिस एंट्री पॉइंट लावणे श्रेयस्कर असते: ठरावीक वापरकर्त्याने तो प्रोग्राम ज्या कोणत्या जॉबमधून चालवला, तो जॉब तिथे थांबतो आणि आपल्याला त्याचा पत्ता कळतो. ही सोय नसताना आम्ही क्यूझेडडीएएसओइनिट नावाच्या, आधीच सुरू करून ठेवलेल्या कित्येक जॉबांपैकी आपला कोणता, हे वापरकर्त्याच्या प्रोफाइलवरची कुलपे पाहून शोधत असू. ते चालत असे, पण दर वेळी श्वास रोखूनच.

आता दोषाकडे येतो. हा दोष किरकोळ नाही. ज्याला खऱ्या अर्थाने माग म्हणावे, म्हणजे प्रोग्राम कोणकोणत्या ओळींवरून गेला याची न थांबता केलेली नोंद, ती सोय नव्या, आयएलई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या प्रोग्रामांसाठी या डीबगरमध्ये नाही. जुन्या, ओपीएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामांसाठी ती होती आणि अजून आहे: एडीडीटीआरसी या कमांडने ओळींचा पल्ला सांगायचा, हवी ती व्हेरिएबले सांगायची, मूल्य बदलले तरच नोंदव असे सांगायचे, आणि प्रोग्राम चालून गेल्यावर डीएसपीटीआरसीडीटीए या कमांडने सारा प्रवास क्रमाने वाचायचा. एसटीआरडीबीजीमध्ये या नोंदींची मर्यादा मूळ दोनशे असते, ती वाढवता येते, आणि मर्यादा भरल्यावर थांबायचे की जुन्या नोंदींवरून पुढे लिहीत जायचे हेही ठरवता येते. आरपीजी फोर आणि आयएलई आले, मॉड्यूल आणि प्रोसिजर आले, आणि ही कमांड मात्र त्या प्रोग्रामांना लागू झाली नाही. मेनफ्रेमवरच्या जुन्या कोबोलमध्ये ‘रेडी ट्रेस’ लिहिले की प्रोग्राम ज्या परिच्छेदांतून जाई त्यांची नावे छापली जात. इतकी साधी आणि उपयोगी कल्पना मागे टाकावी, हे मला आजही पटलेले नाही. पाऊल-पाऊल चालणे आणि चालून झाल्यावर पावलांचे ठसे पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम हा डीबगर उत्तम करतो. दुसऱ्या कामासाठी हात रिकामे राहतात.

त्याला पर्याय म्हणून जॉब ट्रेस आहे. टीआरसीजॉब ही जुनी कमांड, किंवा एसटीआरटीआरसी, ईएनडीटीआरसी आणि पीआरटीटीआरसी हे त्रिकूट, जॉबमध्ये कोणता प्रोग्राम कधी कॉल झाला आणि कधी परतला याची क्रमवार यादी देतात. अनोळखी ॲप्लिकेशन समजून घेण्यासाठी तिच्यासारखे दुसरे साधन नाही. नव्या प्रकल्पावर आल्यावर मी सर्वांत आधी एका ऑर्डरचा जॉब ट्रेस काढतो आणि तो चाळतो. कोण कोणाला कॉल करतो याचा नकाशा त्यातून अर्ध्या दिवसात तयार होतो. पण यात प्रणालीचे स्वतःचे प्रोग्रामही असंख्य येतात, स्पूल फाइल (छपाईसाठी साठवलेला मजकूर) शेकडो पानांची होते, आणि आपले प्रोग्राम त्यातून वेचून काढावे लागतात. शिवाय व्हेरिएबलांची मूल्ये यात मिळत नाहीत. म्हणजे ओळींचा माग नाही, फक्त मुक्कामांचा आहे.

ग्राफिकल साधनांविषयी थोडक्यात. रॅशनल डेव्हलपर फॉर आयमधला डीबगर वापरायला अधिक सोयीचा आहे: व्हेरिएबलांची खिडकी सतत उघडी राहते, सर्व्हिस एंट्री पॉइंट दोन क्लिकमध्ये लागतो, आणि मुक्त स्वरूपातला, म्हणजे ठरावीक रकान्यांचे बंधन नसलेला, आरपीजी वाचायला तिथेच बरा वाटतो. तो दर वापरकर्त्यामागे परवाना घेऊन विकत घ्यावा लागतो. अलीकडे व्हीएस कोड या संपादकावरही डीबगची सोय झाली आहे, आणि नव्याने येणारी मुले साहजिकच तिकडे वळतात. मी त्यांना अडवत नाही. पण दोन्ही ठिकाणी पाठीमागे डीबग सर्व्हर चालू असावा लागतो, पोर्ट उघडे असावे लागते, आणि ग्राहकाच्या जाळ्यातल्या फायरवॉलवर गाडी अडली की टर्मिनलच्या हिरव्या पडद्यावरचा जुना डीबगरच उरतो. म्हणून तो आधी शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अधिकारांचा मुद्दा संस्थांनी गांभीर्याने घ्यावा. इव्हॅल केवळ मूल्य दाखवत नाही, ते बदलूही शकते. थांबलेल्या प्रोग्राममध्ये मंजुरीची मर्यादा वाढवून पुढे जाणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. प्रॉडक्शनवर डीबगचा अधिकार कोणाला, किती वेळासाठी आणि कोणाच्या मंजुरीने, हे लिहून ठरवलेले असावे आणि त्याची नोंद राहावी.

एकंदरीत, व्यावसायिक प्रोग्रामांचा माग काढण्यासाठी हा डीबगर मी निःशंकपणे सुचवतो. अट घातलेला ब्रेकपॉइंट आणि वॉच यांची जोडी, आणि आधीच लावलेले यूपीडीप्रॉडचे कुलूप, यासाठी त्याला पूर्ण गुण. ओळींच्या मागाची सोय गमावल्याबद्दल मोठी वजाबाकी. ज्यांच्याकडे ही प्रणाली आहे त्यांनी आजच एक काम करावे: सीएचजीसीएमडीडीएफटी या कमांडने आपल्या यंत्रावर सीआरटीबीएनडीआरपीजी आणि इतर कंपाइल कमांडींमध्ये डीबीजीव्ह्यूचे मूळ मूल्य ‘लिस्ट’ असे करून घ्यावे. प्रणालीची नवी आवृत्ती बसवताना कमांडी नव्याने येतात आणि असे बदल पुसले जातात, म्हणून हे बदल एका छोट्या सीएल प्रोग्राममध्ये लिहून ठेवावेत आणि आवृत्ती बदलण्याच्या कामांच्या यादीत तो पुन्हा चालवण्याची ओळ घालावी. आमच्या त्या वितरकाकडे ती ओळ यादीत आता सातव्या क्रमांकावर आहे.